आजी अजून हो म्हणालेली नाही

१५ ऑक्टोबर, रविवार

बुधीबाईने नाही म्हटलं! तोंडावर! चहा संपवला, कप उपडा घातला आणि म्हणाली, "मी नाय गाणार."

गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरीच गाणार नाही तर लग्न लागायचं कसं? गंजाडच्या अर्ध्या पाड्यांची लग्नं हिच्या गाण्यांवर लागली, आणि माझ्याच वेळी हिचा घसा बसला! बाबा तर नुसती तारीख विचारायला तिला घरी घेऊन आले होते. माझ्या होणाऱ्या नवऱ्याने, नविनने, फेब्रुवारी धरलाय.

कारण काय, तर आई-बाबांचं लग्न लागलेलं नाही. ते मला ठाऊकच होतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? आमच्यात बाई घरी येते, संसार सुरू होतो, पोरं होतात, आणि हळद सवडीने. कितीतरी जण पोरांच्याच मांडवात स्वतःची हळद उरकून घेतात. बाबांनी तेही कबूल केलं — "आमचं आधी लाव, मंग पोरीचं." पण बुधीबाईने हनुवटी वळवली ती ओटीवर तांदूळ पाखडत बसलेल्या आजीकडे. "आन् हिचं?"

आजी-आजोबांचंही नाही! हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षांची घोडी मी, वर्गात पोरांना 'माझे कुटुंब' शिकवते!

बाबा हसले. म्हणाले, मग तिन्ही एकाच मांडवात लावू, थोरांचं आधी. "आई हो म्हणंल."

"ती म्हणाली काय?" बुधीबाईने विचारलं.

तेव्हा कुठे सगळे आजीकडे वळले. आजीने सूप खाली ठेवलं, हात झटकले. म्हणाली, "बघन."

सगळे हसलो. आजी हसली नाही. सूप उचलून परत पाखडायला लागली.

१६ ऑक्टोबर, सोमवार

तलासरीला खोलीवर परत. शाळेत लक्ष नव्हतं. चौथीच्या पोरांनी ओळखलंसुद्धा — "बाई आज ओरडल्या नाय."

नविनला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाला, म्हातारी माणसं अशीच, तू टेन्शन घेऊ नको, होईल. आणि लगेच पत्रिकेचा नमुना पाठवला! किती उत्साह आहे त्याला. लाल रंगावर पांढरी नाचणारी माणसं. छान आहे. मला पिवळी आवडली असती, पण छान आहे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

घरी आले ती पिशवी न ठेवता चुलीपुढे आजीसमोर जाऊन बसले. म्हटलं, आजी, काय गं हे? माझं लग्न अडलंय तुझ्यापायी.

"अडलं नाय. थांबलंय."

मग मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. गवतकापणीचे दिवस होते. ती तरणीताठी, तिच्यासारखा कोयता कुणाचा चालत नसे म्हणे. (हे सांगताना अजून ताठ बसते!) एका संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन ती बापाच्या मागून घरी निघाली. फाट्यावर बाप थांबला आणि म्हणाला, "इकडं वळ." ती वळली. भारा उतरवला तो ह्या अंगणात, आजोबांच्या बापाच्या. दोन्ही बापांचं ताडी पिताना आधीच ठरलेलं होतं.

"मग?"

"मंग काय? चूल दाखवली. मी पेटवली."

मी विचारलं, आजोबा वाईट वागले का? मारायचे? तर आजी माझ्यावरच उखडली! "तो गुणाचा हाय. कवा हात नाय उचलला. मना ताप आला तं रानातनं पाला आणून वाटायचा. त्याचं काय नाय, बाय. मना कुणी इचारलं नाय, एवढंच. आता तुम्ही इचारलं. इचारलं तं मी बघन ना!"

मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. नव्हताच. बाजारात मडकं घेताना बायका बोटाने वाजवून बघतात ना, तसा चेहरा होता. पाच पोरं वाढवली, सुना आणल्या, नातवंडांची शी-शू काढली, आणि ही बाई आज पहिल्यांदा वाजवून बघतेय!

२२ ऑक्टोबर, रविवार

बाबा चिडलेत. "ह्या वयात काय बघायचं ऱ्हायलंय?" आईने मात्र आजीच्या ताटात आज मासळीचा मोठा तुकडा वाढला. मी बघितलं.

आजोबा गोठ्यापाशी दोरी वळत होते. त्यांना म्हटलं, तुम्हीच विचारा ना तिला एकदा, म्हणजे सुटेल. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांना विमान चालवायला सांगितलं. "आता काय इचारायचं? एवढी नातवंडं झाली."

हा विचारणार नाही, ती सांगणार नाही. आणि मधे मी!

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

घर पाहुण्यांनी भरलेलं. आशागडची आत्या खास आजीला समजवायला आली. आधी गोड बोलली, मग भांडली, मग रडली — "लोक काय म्हणतील, आई? पोरीचं लग्न तू मोडलंस म्हणतील." आजीने सगळं ऐकलं, तिला पोटभर जेवायला वाढलं, जाताना दुधीही दिला. हो नाही, नाही नाही.

मलाही आज राग आला होता, खोटं कशाला लिहू. फेब्रुवारी काय थांबणार आहे हिच्यासाठी? पण आत्या रडत होती तेव्हा आजी खांबाला टेकून बसली होती, पाय लांब करून. इतकं सगळं घर तिच्याभोवती फिरतंय, आणि ती आपली शांत! आमच्या घरात कुठल्या बाईला मी असं पाय लांब करून बसलेलं पाहिलंच नव्हतं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आजीला समुद्र बघायचा होता! का, ते सांगितलं नाही. "बघायचाय." बस.

नविनने मित्राची गाडी आणली. आजीला पुढे बसवलं, पट्टा लावून दिला, "आजी, घट्ट नाही ना?" म्हणून दोनदा विचारलं. चांगला आहे तो. आई उगाच नाही त्याच्यावर खूश.

डहाणूला भरती होती. सुरूच्या झाडांपाशी गाडी लावली आणि आजी चपला हातात घेऊन सरळ पाण्याकडे चालत सुटली. मी मागे धावले. गुडघाभर पाण्यात उभी! लुगडं भिजतंय, लाटा येताहेत, आणि ही हलेना. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी तिच्याकडेच बघत राहिले. आपल्या घरापासून एवढ्या जवळ समुद्र आहे, आणि ती सांगते, ही दुसरी खेप. पहिली खेप कोणा बागायतदाराच्या चिकूच्या पाट्या वाहायला आली तेव्हा. "तवा डोक्यावर पाटी होती. वर बघता नाय आलं."

नंतर नविनने सगळ्यांना शहाळी आणली. आजीने त्याला विचारलं, "हिला घेऊन कठं ऱ्हाशील?" तो म्हणाला, "बोईसरला, आजी. खोली घेतली पण. माझी कंपनी जवळ पडते."

मला पण तेव्हाच कळलं! सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. आजी माझ्याकडे बघत होती. मी शहाळं पीत होते.

येताना चिंचणीच्या एका कोळणीकडून सुके बोंबील घेतले. गाडीभर वास! नविनने नुसत्या काचा खाली केल्या.

४ नोव्हेंबर, शनिवार

आजोबा सकाळीच कुदळ घेऊन रानात गेले आणि दुपारी टोपलीभर करांदे आणले. हातावर ओरखडे. ह्या वयात कंद खणत बसायचं म्हणजे! टोपली आजीच्या पुढ्यात ठेवली आणि दोन पावलं मागे उभे राहिले. आजीने एक करांदा उचलला, नखाने खरवडला. "बरे हायत," म्हणाली. उकडले, मीठ लावून सगळ्यांना वाढले. आजोबा वाट बघत होते. करांदे संपले. पुढे काही नाही!

ह्याच आठवड्यात म्हणे चुलीचा फुटका कठडाही लिंपून दिला. परवा नातवाला पाठवून लुगडं आणवलं, जांभळं. आजी नेसली. "बरं हाय."

बिचारे आजोबा! सगळं देताहेत, तेवढं एक सोडून.

९ नोव्हेंबर, गुरुवार. वाघबारस

सुट्टी लागली. संध्याकाळी पाड्यावर तारपा वाजला. सगळे फेर धरून नाचलो. दरवर्षी आजी आजोबांच्या कमरेत हात घालून नाचते. आज तिने पुष्पाच्या — म्हणजे आईच्या — कमरेत हात घातला आणि फेराच्या पार पलीकडे जाऊन राहिली. सगळ्या पाड्याने बघितलं. आजोबांचा पाय चुकला. त्यांचा पाय चुकलेला मी कधी पाहिला नव्हता.

१२ नोव्हेंबर, रविवार. दिवाळी

काकडी किसून, तांदळाच्या पिठात कालवून, पानात वाफवायचं काम आजीचं. वाफेत तिचा चेहरा लालेलाल. मी मुद्दाम शेजारी बसले. म्हटलं, आजी, नाही म्हणालीस तर कुठे जाशील?

"कठं म्हंजे? हितंच. हे माझं घर हाय."

"आणि आजोबा?"

"तो बी हितंच. त्याला भाकर मीच देन. लगीन नाय लावणार, एवढंच."

म्हणजे ती खरंच 'नाही' म्हणू शकते! आज पहिल्यांदा मला ते खरं वाटलं. माझा हात पोळला तो कळलाही नाही. भीती वाटली. आणि लाज वाटते लिहायला, पण आनंदही झाला. कसला ते माहीत नाही.

नविनने फ्रीज घेतला. फोटो पाठवला.

१५ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज

आजचं सगळं लिहून ठेवायचंय. एकही शब्द सुटायला नको.

आजीचं माहेर तलासरीच्या बाजूला. बाबांनी इको गाडी ठरवली होती. भाऊबीजेला आजोबा कधीच येत नाहीत, गुरांपाशी थांबतात. आज निघताना बघतो तर धुतलेला पांढरा सदरा घालून ड्रायव्हरशेजारी बसलेले!

जिव्या मामांच्या — आजीच्या धाकट्या भावाच्या — अंगणात गाडी लागली. आम्ही सगळे आत गेलो. आजोबा गेले नाहीत. कुडाच्या भिंतीबाहेर उभे राहिले. बाबा हाक मारायला लागले तर जिव्या मामांनी हात धरून थांबवलं. त्यांना कळलं होतं! मागणी घालायला आलेला माणूस बोलावल्याशिवाय आत येत नाही. म्हणून मग मामा स्वतः कुडापाशी गेले, आणि ज्याच्याबरोबर उभा जन्म शेतं नांगरली, ताडी प्यायले, त्या माणसाला अगदी गंभीरपणे विचारलं, "कोण पाव्हणं?"

"गंजाडचा चैत्या."

"काय काम काढलंत?"

आजोबांनी घसा खाकरला. तोंड उघडलं — आणि फळीवरची भांडी खडखडली! जमीन हलली. पायाखालून गाडी गेल्यासारखं. "धक्का, धक्का!" पोरं ओरडत अंगणात. मामांच्या सुनेने धावत जाऊन गॅस बंद केला. कोंबड्या पांगल्या. मी आईला घट्ट धरलं. इथल्या लोकांना ह्या भूकंपांची सवय झालीय, थांबल्या थांबल्या पोरं हसायला लागली, कुणी म्हणालं हा छोटा होता.

आजोबा होते तिथेच. कुडाचा खांब धरून.

आजीने डोक्यावर पडलेली माती झटकली, पदर नीट केला आणि म्हणाली, "हां. काय सांगत होता?"

आणि आजोबा बोलले. मामांशी नाही. मामांच्या खांद्यावरून पलीकडे, थेट आजीकडे बघत. "भिकी माझ्या घरात नांदते. माझ्या बापानं तिच्या बापाला इचारलं. तिला कुणी नाय इचारलं. मी बी नाय. आता इचारतोय. भिके, माझ्याबरोबर नांदशील काय?"

देवा! एवढं सलग बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. बाबा जमिनीकडे बघत होते. आई रडत होती. मीही.

आजी त्यांच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सांगन." आणि भावाला ओवाळायला आत गेली!

परतीच्या वाटेवर आजोबा गुणगुणत होते. 'हो' मिळालेलं नाही, तरी गुणगुणत होते. मला वाटायचं मला माझी माणसं माहीत आहेत. काही माहीत नाही मला.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

नविनला भाऊबीजेचं सगळं सांगितलं. हसला, म्हणाला, भारी आहेत तुझे आजोबा, रील करायला पाहिजे होतं. मग म्हणाला, बदलीसाठी तो एकाशी बोललाय. बोईसरजवळची शाळा. "तुझी तलासरीची धावपळ वाचेल."

वाचेलच. पण चौथीच्या पोरांना अजून भागाकार जमत नाही. जूनपर्यंत तरी मला हवं होतं तिथे. सांगायला गेले, तोवर त्याची शिफ्टची वेळ झाली.

१९ नोव्हेंबर, रविवार

आमचं गरवं भात, सगळ्यांत शेवटी घरात येतं. आज नवा भात शिजला. आधी पितरांना दाखवला. मग आजी वाढायला बसली. पहिला डाव आजोबांच्या ताटात घातला, आणि डाव हातात तसाच धरून म्हणाली, "लावू लगीन."

बस एवढंच! जसं काही मीठ देऊ का विचारलं.

आजोबांचा हात भातात तसाच राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसतही नव्हते. आजी म्हणाली, "भात गार होतोय." मग ते जेवायला लागले. आम्ही सगळे जेवायला लागलो. आईने माझा हात दाबला. नव्या भाताचा वास घरभर. इतका आनंद कधी झाला होता मला? आठवत नाही.

भांडी घासताना विचारलं, का गं हो म्हणालीस?

"त्यानं भायेर उभं ऱ्हाऊन इचारलं. मना बरं वाटलं."

"आणि बरं वाटलं नसतं तर?"

"तं नाय म्हणाली असती." आणि मला राखेचा हात लावून म्हणाली, "घास नीट. तळ तसाच हाय."

२० नोव्हेंबर, सोमवार

बुधीबाईकडे बाबा धावतच गेले. रविवारी तारीख काढायला येते म्हणाली. नविनचे आई-वडीलही येणार. तारखेची जागा कोरी ठेवून पत्रिका छापायला टाकली — लाल.

२६ नोव्हेंबर, रविवार

बुधीबाईने आजीपासून धडा घेतला असावा. तारीख काढण्याआधी एकेकाला नाव घेऊन विचारलं. चैत्या? हो. भिकी? हो. सुनिल, पुष्पा? बाबा-आई लाजले, हो म्हणाले. नविनने तर नाव घ्यायच्या आधीच हो म्हटलं, सगळे हसले. मग, "योगिता?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "मला बदली नकोय."

नविन म्हणाला, "अगं, ते आपण नंतर बोलू ना."

मी म्हटलं, "नाही. आत्ता विचार. खोली, शाळा, सगळंच. मला विचार."

कुणी कप उचलेना. नविनची आई त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे. आजोबांनी सरकून चटईवर त्याला शेजारी जागा केली. "इचार, पोरा. मना जमलं, तुना बी जमंल."

तो अजून तिथेच बसलाय. मी आत येऊन हे लिहितेय. बाबा अंगणात छापखान्याला फोन लावताहेत — थांबा म्हणून.